खाच नसलेला डबा

आमच्या घरात ‘सुट्टी’ म्हटलं की शाळेची सुट्टी कुणाच्या डोक्यात येत नाही. सुट्टी म्हणजे मुलांच्या अब्बांची. ते दोहाला नोकरीला असतात. वर्षातून एकदा, कधी दीड वर्षाने, महिनाभरासाठी घरी येतात. बॅग उघडायचा मान सासूबाईंचा. खजूर, दूध पावडर, बाम, अत्तराच्या बाटल्या, माझ्यासाठी कापड, आणि कापडाच्या घड्यांमध्ये जपून ठेवलेल्या दोन-तीन चपट्या निळ्या डब्या. त्या दिसल्या की आमचा नववीतला मुलगा आणि त्याचा चुलतभाऊ असे दोघेही एकदम पुढे सरकायचे. त्या डब्यांत व्हिडिओ गेमच्या डिस्क असत.

या डिस्क अब्बा तिथल्या जुन्या मालाच्या दुकानातून घेत. नव्या डिस्कच्या निम्म्या किमतीत मिळतात, असं ते सांगायचे. आमच्याकडे एक कन्सोल होतं. दोन वर्षांनी त्यांनी तसंच एक वापरलेलं कन्सोल पुतण्यासाठीही आणलं. आमचं घर आणि मोठ्या दिरांचं घर यांच्यामध्ये फक्त विहीर आहे. एक डिस्क इकडे, दुसरी तिकडे. संपली की अदलाबदल. कुणी जास्त दिवस ठेवली तर भांडण व्हायचं आणि दादीकडे तक्रार जायची. दादीला त्यातलं काही कळत नसे, पण निकाल ती देई.

हे सगळं सांगायचं कारण पुढे येईल. आधी मोठ्या दिरांबद्दल दोन शब्द. सासरे गेले तेव्हा माझे पती एकोणीस वर्षांचे होते. त्यांच्या पहिल्या व्हिसाचे पैसे मोठ्या भावाने घरची होडी विकून उभे केले. भाऊ आखातात गेला, हे गावात राहिले आणि दुसऱ्याच्या होडीवर रोजाने जाऊ लागले. आमच्या घरात ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही, मात्र कुणी विसरलेलंही नाही. म्हणून बॅगेत डिस्क निघाली की ती दोघांची असायची. त्यात कुणी कुणावर उपकार केले असं नव्हतं.

मागच्या सुट्टीत अब्बांनी मुलासाठी नवीन कन्सोल आणलं. जुनं गरम होऊन बंद पडत होतं. नवं यंत्र देखणं, पांढरं, बारीक. डिस्कवालं आणि बिनडिस्कचं अशी दोन मॉडेल्स होती. बिनडिस्कचं स्वस्त पडत होतं, आणि दुकानदार म्हणाला, आता सगळं डाउनलोडच होतं. त्यांनी तेच घेतलं. पुतण्या आला, यंत्र हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून पाहिलं आणि मला विचारलं, “चाची, डिस्क घालायची खाच कुठं आहे?”

खाच नव्हती. मुलाने जुन्या अकराच्या अकरा डिस्क त्याला देऊन टाकल्या. “मला आता नकोत, तुझ्याकडेच ठेव.” मला मुलाचं कौतुक वाटलं. किती मोठ्या मनाचा, असं मी जाऊबाईंना सांगितलंही.

चार महिन्यांनी ईद आली. पुतण्या आला, शिरखुर्मा घेतला, दादीचे हात चुंबले, ईदी घेतली आणि निघून गेला. मुलाच्या खोलीकडे वळलाच नाही. मी विचारात पडले. मग ध्यानात आलं की तो कितीतरी दिवसांत आलेलाच नाही. भांडण झालं होतं का? नाही. मुलाने खांदे उडवले. “तो काय करणार येऊन? माझे गेम त्याला देता येत नाहीत. त्याचे माझ्याकडे चालत नाहीत.” अकरा डिस्क देऊन टाकल्या, त्याच दिवशी दोघांमधली ये-जाही संपली होती. परत द्यायला काही उरलं नव्हतं, म्हणून यायलाही निमित्त उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मुलगा ओरडत बाहेर आला, “अम्मी, जागा फुल!” नवा गेम घ्यायचा तर जुना पुसा, असं पडद्यावर लिहून आलं होतं. जुना पुसला तर तो पुन्हा हवा झाल्यावर सगळा नव्याने उतरवायचा. एक गेम शंभर जीबीच्या घरात. आमच्या गावात वायरचं इंटरनेट आलं आहे, त्याचा वेग वीस एमबीपीएस. मी गणिताची शिक्षिका, हिशेब मांडला. शंभर जीबी म्हणजे आठ लाख मेगाबिट, भागिले वीस, चाळीस हजार सेकंद, म्हणजे अकरा तास. कागदावर अकरा तास. प्रत्यक्षात पावसाळ्यात वीज जाते, वायरीवर फांदी पडते. आमचा एक गेम उतरायला नऊ रात्री लागल्या. आणि विहिरीपलीकडच्या घरात तर वायरही नाही. तिथे मोबाइलचा दिवसाला दोन जीबीचा पॅक. शंभर भागिले दोन, पन्नास दिवस. रमजानच्या पहिल्या रात्री सुरुवात केली तरी ईद होऊन वीस दिवस उलटतील तेव्हा गेम उतरेल, आणि तोपर्यंत घरातल्या कुणी एक फोटोसुद्धा पाहायचा नाही.

मला या विषयात रस असा नव्हता. पण हे आकडे पाहिल्यावर मी वाचायला बसले. एवढं काय भरलेलं असतं या खेळांत? आणि डिस्क मोठी का करत नाहीत?

माझ्या लहानपणी भायखळ्याला मामूंच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्यात आम्ही ‘कॅसेट’ म्हणायचो ती प्लास्टिकची वडी खुपसायची. चालली नाही की काढून फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नसे, उलट तोंडातली ओल आतल्या पट्ट्यांना लागे. पुन्हा नीट बसवल्याने ती चालायची, हे मला आता कळलं. त्यातला मिशीवाला मारिओ सगळ्यांना आठवत असेल. १९८५ साली आलेला तो पूर्ण गेम होता ४० केबीचा. आज मोबाइलवर येणारा ‘जुम्मा मुबारक’चा एक फोटो याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत बत्तीस टप्पे, संगीत, शत्रू, पाण्याखालचं जग सगळं बसवलं होतं. कसं? काटकसरीने. त्यातले ढग आणि जमिनीवरची झुडपं ही एकच आकृती आहे. वर पांढरी रंगवली की ढग, खाली हिरवी रंगवली की झुडूप. एकाच कापडातून मोठ्या बहिणीचा कुडता आणि उरलेल्यातून धाकटीचा फ्रॉक काढणाऱ्या आपल्या आई-आज्यांना हे लगेच समजलं असतं.

मग डिस्क आली. गाण्यांसाठी १९८२ साली बाजारात आलेली सीडी साधारण ६५० एमबीची. मारिओसारखे सोळा हजार गेम एका सीडीवर मावले असते. १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनने सीडी वापरली, तेव्हा ही जागा कधी भरणारच नाही असं वाटावं. पण १९९७ साली ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर आला. मोकळं घर मिळालं की सामान वाढतं, तसंच झालं.

पुढे डीव्हीडी आली, एका थराची ४.७ जीबी, दोन थरांची ८.५ जीबी. २००६ मध्ये ब्लू-रे आली, एका थराची २५, दोन थरांची ५० जीबी. डिस्कचा आकार मात्र तोच राहिला, बारा सेंटीमीटर. मग जागा वाढली कुठून?

मी वर्गात मुलींना सुईचं उदाहरण दिलं. गोधडीची जाड सुई घेतली तर वीतभर कापडात दहा टाके बसतात. भरतकामाची बारीक सुई घेतली तर तेवढ्याच कापडात शंभर. डिस्क वाचणारा लेझर ही ती सुई. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जेमतेम दिसेल असा. डीव्हीडीचा लाल, ६५० चा. ब्लू-रेचा निळसर जांभळा, ४०५ चा. तरंग जितका आखूड तितका प्रकाशाचा ठिपका लहान, आणि ठिपका लहान म्हणून माहितीच्या रांगा जवळ जवळ. सीडीवर दोन रांगांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीवर ०.७४, ब्लू-रेवर ०.३२. शिवाय एकावर एक थर देता येतात, मांड्यांच्या चवडीसारखे. तीन थरांची शंभर जीबीची ब्लू-रे आज आहे, आणि २०२० साली आलेलं पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ती वाचतात. शंभर जीबी म्हणजे पंचवीस लाख मारिओ.

तरीही पुरत नाही. २०१८ चा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ प्लेस्टेशन ४ वर दोन डिस्कवर आला. त्याआधी २०१५ साली ‘जीटीए ५’ संगणकासाठी आला तेव्हा त्या पेटीत सात डीव्हीडी होत्या.

यामागची कारणं सरळ आहेत. टीव्ही मोठे आणि स्वच्छ झाले. फोर-के पडद्यावर जुन्या फुल एचडी पडद्याच्या चौपट ठिपके असतात. भिंतीचा, मातीचा, कापडाचा पोत जवळून खरा दिसायचा तर त्याचं चित्र लांबी-रुंदीला दुप्पट करावं लागतं, आणि दोन्ही बाजू दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट. हे आमच्या सातवीच्या मुलीही सांगतील. संवाद अनेक भाषांत ध्वनिमुद्रित असतात आणि खेळणारा एकच भाषा ऐकत असला तरी सामान अनेकांचं येतं. आणि एक कारण मला फार गमतीचं वाटलं. जुनी फिरणारी हार्ड डिस्क एखादी वस्तू शोधायला इकडून तिकडे पळायची, त्यात वेळ जायचा. म्हणून गेम बनवणारे एकच वस्तू अनेक ठिकाणी ठेवत. २०१८ च्या ‘स्पायडरमॅन’ गेममध्ये रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या काही वस्तूंची माहिती चारशे वेळा साठवली होती, असं पीएस५ चा आराखडा करणारे मार्क सर्नी यांनी २०२० साली जाहीर भाषणात सांगितलं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कोपऱ्यात एक मिठाची बरणी ठेवावी तसं! नव्या यंत्रांत फिरणारी तबकडी नाही, एसएसडी आहे. तिला पळावं लागत नाही, म्हणून एकच बरणी पुरते. ‘हेलडायव्हर्स २’ नावाचा गेम संगणकावर सुमारे दीडशे जीबी जागा घ्यायचा. बनवणाऱ्यांनी २०२५ च्या अखेरीस अशा दुहेरी-तिहेरी नकला काढून टाकल्या आणि तो तेवीस जीबींच्या आसपास आला. खेळ तोच. म्हणजे सगळंच सामान गरजेचं नसतं, काही आवरायचा कंटाळाही असतो.

आता प्रश्न डिस्कच्या भविष्याचा. शंभरच्या पुढे ती का जात नाही? एक अडचण लेझरची. निळ्या-जांभळ्याच्या पलीकडे अतिनील किरण येतात, आणि साधं प्लास्टिक ते शोषून घेतं, खराब होतं. दुसरा मार्ग थर वाढवण्याचा. चार थरांची १२८ जीबीची डिस्क आहे. सोनी आणि पॅनासोनिक यांनी २०१४ साली ३०० जीबीची डिस्क जाहीर केली, पण ती मोठ्या संस्थांच्या दफ्तरखान्यांसाठी होती, घरांसाठी नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शांघायच्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात शंभर थरांच्या डिस्कबद्दल लिहिलं. तिची क्षमता १.६ पेटाबिट, म्हणजे सुमारे दोन लाख जीबी. आमच्या मुलाचे सगळे गेम, त्याच्या मित्रांचे सगळे गेम, आणि तालुक्यातल्या पोरांचेही त्यात बसतील. पण ती प्रयोगशाळेतली गोष्ट. तिथून दुकानात येणं हा वेगळा प्रवास आहे.

कारण खरी अडचण विज्ञानाची नाहीच. डिस्कची वाचनगती फार मागे पडली आहे. २००६ च्या पीएस३ चा ब्लू-रे ड्राइव्ह सेकंदाला नऊ एमबी वाचायचा. पन्नास जीबीची डिस्क या वेगाने पूर्ण वाचायला दीड तास लागतो. पीएस५ मधली एसएसडी तेवढंच नऊ-दहा सेकंदांत वाचते. म्हणून आता गेम डिस्कवरून चालत नाही. आधी तो पूर्ण आत उतरवून घ्यावा लागतो, आणि मग डिस्क फक्त ‘हा गेम माझ्याकडे आहे’ हे सिद्ध करायला आत ठेवायची. म्हणजे डिस्क असली तरी यंत्रातली जागा भरायची ती भरतेच. हे मला मुलाने समजावलं, आणि त्याचं बरोबर होतं.

शिवाय ज्यांना गेम विकायचे आहेत त्यांना डिस्क नकोशी झाली आहे. डिस्क छापा, डब्यात घाला, जहाजाने पाठवा, दुकानदाराला वाटा द्या. आणि एवढं करून ती एका घरातून दुसऱ्या घरात गेली की दुसऱ्या घराचे पैसे मिळत नाहीत. आमच्या विहिरीच्या दोन काठांवरच्या घरांनी एका डिस्कमध्ये काम भागवलं, हा त्यांच्या हिशेबाने तोटा. २०२३ चा ‘अॅलन वेक २’ सुरुवातीला फक्त डाउनलोडवर आला, डिस्क नंतरच्या वर्षी निघाली. २०२२ चा ‘कॉल ऑफ ड्युटी’ पीएस५ च्या डिस्कवर आला खरा, पण तिच्यावर शंभर एमबीसुद्धा माहिती नव्हती, बाकी सगळं डाउनलोड करा! २०२५ च्या जूनमध्ये निन्टेन्डोचं ‘स्विच २’ आलं. त्याच्या काही गेमच्या कार्डात गेम नसतोच, फक्त किल्ली असते. ती किल्ली दुसऱ्याला देता येते, हे मात्र मान्य करायला हवं.

हे सगळं मी एका संध्याकाळी सासूबाईंना सांगत होते. त्या ओट्यावर बसून सुकट निवडत होत्या. मी म्हटलं, “अम्मा, आता खेळ विकत घेतला तरी हातात काही येत नाही. पैसे भरायचे, नाव लागतं, खेळायचं. दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही.”

त्यांनी मान वर न करता विचारलं, “मग तो आपला कसा?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. आमच्या माळ्यावर त्यांच्या लग्नातली तांब्याची मोठी देग आहे. चाळीस-पन्नास वर्षं ती गावभर फिरते आहे. कुणाचा वलीमा, कुणाचा अकीका, कुणाकडे चाळीसावा. ती कुठे आहे हे कधी कधी आम्हालाच माहीत नसतं, पण ती परत येते, घासून, आणि बऱ्याचदा आत झाकलेली बिर्याणीची ताटली घेऊन. तिच्यावर सासूबाईंच्या नावाची अक्षरं ठोकलेली आहेत. ती आपली आहे हे कुणाला विचारावं लागत नाही, कारण ती आपण देऊ शकतो.

डाउनलोड केलेल्या गेमबद्दल असं म्हणता येत नाही. तिथे आपण घेतो तो वापरण्याचा परवाना असतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये यावर कायदाच केला, की काढून घेता येईल अशा डिजिटल वस्तूला नुसतं ‘विकत घ्या’ म्हणायचं नाही, हा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. त्याच वर्षी मार्चअखेर ‘द क्रू’ नावाच्या मोटारींच्या गेमचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. तो गेम डिस्कवरही विकला गेला होता, पण चालायला इंटरनेट लागायचं. म्हणून डिस्क हातात असून उपयोग नव्हता. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी-यू या यंत्रांची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. घेतलेलं पुन्हा उतरवायची सोय त्यांनी ठेवली, पण नवं काही घेता येत नाही.

मी डिस्कची वकील झाले असं कुणी समजू नये. डिस्कला कोकणातल्या दमट हवेत बुरशीचा डाग पडतो. ओरखडा पडतो. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागाखाली अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असते, सीडीत ती १.२ मिलिमीटर आत असायची. ब्लू-रेवर कठीण लेप असतो म्हणून ती टिकते, तरी पुसताना मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल फिरवू नये. डाउनलोड हरवत नाही, लहान भावंड ते चावत नाही, आणि सणासुदीला फार स्वस्तही मिळतं. ज्या घरात एकच मूल खेळणार आहे आणि इंटरनेट चांगलं आहे, तिथे बिनडिस्कचं यंत्र वाईट नाही. आमचं घर तसं नाही, एवढंच. आणि हे आम्ही यंत्र घेताना विचारात घेतलं नव्हतं. दोन किमती पाहिल्या आणि कमी ती घेतली.

फोनवर मी मुलांच्या अब्बांना हे सगळं सांगितलं. गेमबद्दल कमी, पुतण्या ईदला कसा आला आणि कसा गेला त्याबद्दल जास्त. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “भाईने काही म्हटलं का?” मी म्हटलं, “ते कधी काही म्हणतात का?”

या सुट्टीत ते यंत्र परत गेलं. दोहाच्या त्याच दुकानात अदलाबदल करून, वर पैसे घालून, त्यांनी खाच असलेलं वापरलेलं यंत्र घेतलं. मी माझ्या पगारातून बाजूला ठेवलेले पैसे दिले. मुलगा आधी नाराज होता. त्याचं यंत्र नवं होतं, हे जुनं, एका कोपऱ्याला चरा पडलेला. डाउनलोड केलेले गेम त्याच्या नावावर आहेत, ते याही यंत्रात उतरवता येतील, हे सांगितल्यावर जरा निवळला. आणि आधीच्या पिढीची डिस्क नव्यातही चालते आणि पुतण्याच्या जुन्यातही, हे त्याला आमच्याआधी माहीत होतं. त्याने ते आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं.

आता दुकानात जाण्याआधी आम्ही तीन गोष्टी विचारतो. आपल्या घरांतल्या ज्या भगिनींना मुलं या विषयात बोलू देत नाहीत त्यांच्यासाठी लिहून ठेवते. एक, यंत्राला डिस्कची खाच आहे का, आणि नसेल तर नंतर जोडता येते का? पीएस५ च्या २०२३ नंतरच्या बारीक मॉडेलला वेगळा ड्राइव्ह जोडता येतो, त्याआधीच्या बिनडिस्कच्या मॉडेलला नाही. दोन, या डिस्कवर पूर्ण गेम आहे की नुसती किल्ली? डब्यावर बारीक अक्षरांत ‘डाउनलोड आवश्यक’ असं लिहिलेलं असतं, ते वाचायचं. तीन, इंटरनेट नसताना हा चालतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो गेम विहिरीपलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून आम्ही तो घेत नाही. मुलाला यादीतले दोन गेम सोडावे लागले. एकासाठी अजून कुरकुर चालू आहे.

या खेपेला बॅगेतून तीन डिस्क निघाल्या. मी माझ्या शाळेच्या कपाटातली एक कोरी वही दोघांना दिली आणि रकाने आखून दिले: डिस्क, कुणी नेली, कधी नेली, कधी परत. भांडणाचा निकाल आता वही देईल, म्हणून सासूबाई थोड्या खट्टू झाल्या आहेत.

काल संध्याकाळी मगरिबनंतर पुतण्या आला. हातात जुन्या अकरांपैकी एक डिस्क होती. आमच्या नव्या-जुन्या यंत्रात ती चालते का, ते दोघांना पाहायचं होतं. जाताना तो मला म्हणाला, “चाची, वहीत लिहा. ही आता इकडे आहे.” मी लिहिलं. आतून मुलाचा आवाज आला, “आणि दुसरी कधी आणणार?”

“उद्या,” तो म्हणाला आणि विहिरीवरून उडी मारल्यासारखा पळाला.